कुणी केलं, हे न विचारणारे थोरवे साहेब

श्री. भास्करराव थोरवे साहेबांची आणि माझी पहिली गाठ पडली ती सुतळीपायी. दुष्काळाचं साल सरलं होतं. दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि तिथून सुटून कुपवाडच्या आमच्या फौंड्रीत कोअरशॉपला लागले, त्याला वर्ष होत आलं होतं. साहेब नवे मॅनेजर म्हणून आले. आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. सकाळी सातला सुतळीचं बंडल घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, ह्या सुतळीचं टोक तुमच्या कमरेला बांधायचं आहे."

मी हातातली वाळू खाली टाकली. म्हटलं, "आवं, मी काय म्हस हाय व्हय, दावं बांधायला?"

शेजारच्या पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आधीचे मॅनेजर असते तर मला गेटाबाहेर काढलं असतं. साहेबांनी ते टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, बंडल शिपायाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बरं, मग मी होतो म्हस. तुम्ही हाका. एक कोअर करायला कुठं कुठं जावं लागतं ते सांगा, मी जातो."

ज्यांना फौंड्री ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पंपाची बॉडी आतून पोकळ असते. ती पोकळी राहावी म्हणून साच्याच्या मधोमध वाळूचा एक गाभा बसवतात, त्याच्या भोवतीनं लोखंडाचा रस ओततात, आणि थंड झाल्यावर आतली वाळू ठोकून काढतात. त्या गाभ्याला कोअर म्हणतात. वाळूत साखर कारखान्याची काकवीसारखी मळी कालवायची, लाकडी पेटीत ठासायची आणि ओव्हनमध्ये भाजायची, की ती विटेसारखी कडक होते. हे काम आमच्याकडे बायकाच करतात. हात हलका लागतो आणि तोंड बंद लागतं, असं मालक म्हणायचे. हात हलका होता.

तर साहेब निघाले. वाळूचा ढीग गेटाजवळ, तिथं गेले. मळीचं पिंप भिंतीपलीकडे, तिथं वळसा घालून गेले. परत टेबलाला, तिथून ओव्हनला, ओव्हनवरून मांडणीला. मागून सुतळी सुटत होती. ती खांबाला गुंडाळली, हातगाड्याच्या चाकात गेली, शेवटी शिपायाच्याच पायात अडकून तो पडला. मी एका जागी उभी राहून, "आता डावीकडं, न्हाई तिकडं न्हाई, मळी ईसरलासा" असं ओरडत होते. नव्या मॅनेजरला ओरडायला मिळतं म्हटल्यावर सोडते कशाला!

मग त्यांनी सुतळी सोडवून अंगणात सरळ अंथरली. दिवसात अशा फेऱ्या किती होतात ते मला विचारलं, मनात काहीतरी गुणाकार केला आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही रोज कुपवाडातून मिरजेला चालत जाता आणि परत येता. आणि त्यातलं एक पाऊल पंपात जात नाही."

मी म्हटलं, "मंजी एवढं चालून ना दर्गा बघितला ना बाजार केला!"

आठ दिवसांत भिंतीला दार पाडलं. वाळूची पेटी टेबलाच्या उजव्या हाताला आली, मळीचं पिंप लाकडी घोडीवर चढून डाव्या हाताला आलं, त्याला तोटी बसली. ओव्हन मात्र तिथंच राहिला, कारण तो हलवायचा म्हणजे मालकांना खर्च. माझे पाय संध्याकाळी पहिल्यांदा माझेच वाटले. पण त्याबद्दल मी साहेबांना धन्यवाद दिले नाहीत. आधी इतकी वर्षं कुणाला हे दिसलं कसं नाही, याचाच मला राग आला होता.

साहेब रहिमतपूरचे. शिकून मोठे झाले तरी आमच्याशी बोलताना आमच्यासारखंच बोलतात. इंग्रजी फक्त मालकांशी. हल्ली कुणी कुणी सांगतं की ही पद्धत जपानात चालते आणि तिला मोठं नाव आहे. साहेबांनी आम्हाला नाव कधी सांगितलं नाही. ते एवढंच म्हणायचे, "जे करून पंप चांगला होत नाही ते करायचं कशाला?"

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती टेबलाची. त्यांच्या आधी वाईट निघालेला माल लपवायची रीत होती. भोक पडलेली बॉडी दिसली की कुणीतरी ती मागच्या बाभळीत टाकायचं, आणि सकाळी गुपचूप परत भट्टीत. विचारलं तर साचे भरणारा मोल्डर म्हणायचा कोअरशॉपचं चुकलं, आम्ही म्हणायचो मोल्डरचं, भट्टीवाला म्हणायचा लोखंडच हलकं. भांडणं अशी की कुणी कुणाच्या डब्यातलं खायचं नाही.

साहेबांनी एक लांब टेबल नळाजवळ मांडलं. सगळे हात धुवायला येतात तिथं. वाईट निघालेला प्रत्येक नग त्या टेबलावर ठेवायचा, आणि ज्या दिवशी ओतला तो वार खडूनं लिहायचा. पहिल्या दिवशी कुणी ठेवीना. साहेब स्वतः बाभळीत शिरले, पँट फाडून घेतली आणि दोन बॉड्या काखेत मारून आणल्या. आम्ही म्हटलं, झालं, आता नावं काढणार. ते म्हणाले, "ह्या टेबलावर माल ठेवायचा, माणूस ठेवायचा नाही. कुणी केलं हे मी विचारणार नाही. कसं झालं ते विचारीन."

माझा विश्वास बसला नव्हता. मी पोरींना म्हटलं, "बघा गं, म्हणं इचारणार न्हाईत! घरात दूध उतू गेलं तरी पयलं सुनंचं नाव निघतंय." खरं सांगायचं तर आमच्या घरात ते नाव मीच काढते.

पण दोन वर्षं त्यांनी विचारलं नाही. टेबलावरचा माल हळूहळू कमी झाला. लपवायला लागत नाही म्हटल्यावर माणसं आपणहून सांगायला लागली, की आज वाळू ओली आली होती, आज पेटीची फळी फुगली होती. साहेबांनी मला एक पाटी दिली. जे वाकडं दिसेल ते लिहायचं. मी दुसरीपर्यंत शिकलेली; तेही मास्तर आजारी पडले म्हणून लवकर सुटले. माझी अक्षरं म्हणजे कोंबड्यांनी उकरल्यासारखी. साहेबांनी ती कधी दुरुस्त केली नाहीत. रोज दुपारी येऊन, मान तिरकी करून, ओठ हलवत वाचायचे. आज साहेबांच्या गौरव अंकासाठी हा लेख माझी मी लिहिला आहे तो त्या पाटीच्या सवयीनं. नातीनं फक्त शाईनं उतरवून काढला, आणि त्यात चार ठिकाणी "पूजनीय" घातलं होतं, ते मी खोडायला लावलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते. साहेब आले त्याच्या तिसऱ्या श्रावणातली.

आमच्या मुलखात नागपंचमीला बाई माहेरी जाते. माझ्या वयाला माहेर कसलं, पण भाऊ आहे तोवर जायचं. कोअरशॉपात आम्ही पाच जणी, पाचींचं माहेर पाच दिशांना. पण रजा अशी सुखासुखी मिळत नव्हती. बोर्डावर नोटीस होती, की रजेवर जाणाऱ्यानं आपल्या कामाची तजवीज आधी करून ठेवावी. म्हणून पंचमीच्या आधी आठ दिवस आम्ही जास्तीच्या कोअरी करायचो आणि मांडणीच्या वरच्या फळीवर रचून ठेवायचो. त्या फळ्या भरलेल्या बघून मला फार बरं वाटायचं. घरात भरल्या कणग्या बघाव्यात तसं. साठा केला, कामाला खोटी नाही, आता खुशाल जा, असं. दरवर्षी असंच चालायचं, आणि पोरींना ही रीत शिकवली मीच.

त्या वर्षी श्रावणात झड लागून राहिली. आम्ही माहेरहून आलो आणि पाठोपाठ टेबलावर माल वाढायला लागला. वाढला, म्हणजे टेबल भरून जमिनीवर ठेवायची वेळ आली. पंपवाल्यांनी एक ट्रक अख्खा परत पाठवला. सगळ्याला एकच रोग, आतून भोकं.

साचे भरायचं काम बाबालाल मिस्त्रीचं. मिरजेचा माणूस, माझ्यापेक्षा वयानं लहान, म्हणून एकेरी लिहिते. त्याच्या हाताखाली तिघे, पण बॉडीचा साचा तो दुसऱ्याला करू द्यायचा नाही. सोमवारी टेबलाभोवती सगळे जमले तेव्हा तो एक फोडलेली बॉडी उलटी करून म्हणाला, "साहेब, बगा. भोक आतल्या अंगाला हाय. भायेरची बाजू साच्याची, ती चकाचक हाय. आतल्या अंगाला साचा न्हाई, कोअर हाय."

मी पुढं झाले. "व्हय रं? नाचता येईना अंगण वाकडं! आपली थापी बघ आदी. साचा पाण्यानं गच्च करतोस आन् कोअरीचं नाव घेतोस."

"मावशी, मी साच्याला पाणी मापून मारतो."

"मापून मारतोस तर ट्रक काय हवा खायाला गेला व्हता?"

सगळे हसले. माझी जीभ अशी आहे, ती चालली की लोक तिच्या बाजूनं होतात. बाबालालनं बॉडी सुलटी करून टेबलावर ठेवली.

त्याच दुपारी वरच्या फळीवरची एक कोअर काढताना माझ्या हाताला ती चिकट लागली. मी ती गुडघ्यावर मोडली. मोडताना जो आवाज यायला पाहिजे तो आला नाही. आतली वाळू बोटाला लागली, बोट जिभेला लावलं. ओली आणि गोड. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं, की पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला घाम येतो. मळी तरी उसाचीच ना. पत्र्याखाली आठ-दहा दिवस झडीत राहिलेल्या कोअरींनी पाणी पिऊन घेतलं होतं, आणि लोखंडाचा रस पडला की त्या पाण्याची वाफ होऊन आत भोकं पाडत होती. बाबालालचं खरं होतं.

हे मला सोमवारी दुपारी कळलं. मी ती मोडलेली कोअर वाळूच्या पेटीत कुस्करली आणि गप्प बसले.

का बसले? पोरींना साठा करायला शिकवणारी मीच. कोअरशॉपात मोठी म्हणून मला मान. तासाभरापूर्वी चारचौघांत त्या माणसाचं हसं केलेलं. आणि मागं रस्त्यावरची खडी दिसत होती. दुसरं कारण नाही, आणि होतं असं दाखवणारही नाही.

मंगळवारी मालक सांगलीहून मोटारीनं आले. टेबल बघितलं, लाल झाले. "बाबालालला उद्यापासून घरी बसवा. दुसरा मोल्डर बघा," असं सगळ्यांसमोर म्हणाले. साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काही बोलले नाहीत. गौरवाच्या लेखात हे लिहू नये असं नात म्हणाली. पण ते घडलं, आणि पुढं काय झालं त्याला याच्यावाचून अर्थ नाही.

बुधवारी बाबालालची जागा रिकामी. त्याची थापी, लहान करणी, वाळू काढायची वाकडी सळई, सगळं तेलाच्या फडक्यात बांधून स्टुलावर ठेवलेलं. नेलं नव्हतं. मोल्डर आपली हत्यारं सोडून जातो म्हणजे दुसरीकडे काम करायचं मनात नाही. त्या गाठोड्यावरून माझी दिवसभर नजर हलेना. तरी बुधवारीही मी गप्पच.

गुरुवारी सकाळी वरच्या फळीवरची एक कोअर पदराखाली घेतली आणि साहेबांच्या खोलीत गेले. टेबलावर ठेवली. म्हटलं, "साहेब, भोकं हिची हायती. बाबालालची न्हाईत. मोडून बगा."

साहेबांनी मोडली. वास घेतला. मला वाटलं आता विचारतील, तुम्हाला कधी कळलं. त्यांनी विचारलं, "ही कधी केली होती?"

"पंचमीच्या आदी."

"एवढी आधी का?"

"म्हायेरी जायाचं व्हतं. मागं काम अडाया नगं."

"रजा मागून जायचं."

"मागून मिळती व्हय? आदी काम करून ठेवा मग जावा, अशी नोटीस हाय की भायेर."

साहेब उठले. बाहेर गेले. बोर्डापुढं उभे राहून ती नोटीस वाचली, जणू पहिल्यांदाच वाचत होते. खाली सही त्यांचीच होती. त्यांनी टाचणी उपसली, कागद काढला आणि ती मोडकी कोअर घेऊन सरळ मालकांना गाठायला निघाले. मालक त्या दिवशी ऑफिसातच होते. दार लोटलेलं होतं आणि माझे कान चांगले आहेत.

"कोअरी जुन्या होत्या. जुन्या ठेवायला मी लावल्या. ही माझी सही," साहेब म्हणाले.

"केल्या कुणी पण?"

"कोअरशॉपनं."

"कोअरशॉपात माणसंच असतात ना, थोरवे? नावं असतील त्यांना."

"आहेत. नाव लावून भोक बुजत असतं तर मी पहिल्यांदा माझं लावलं असतं."

मालकांनी बराच वेळ आवाज काढला. साहेबांनी तेवढाच बारीक आवाज काढला. बाहेर आले तेव्हा घामाघूम होते. मला म्हणाले, "मावशी, बाबालालचं घर माहीत आहे?"

मी स्कूटरवर त्याआधी बसले नव्हते. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर फडक्यात दोन कोअरी घेऊन बसले आणि मिरजेपर्यंत साहेबांना सांगत होते, "हळू घ्या, मी पडले तरी चालंल, कोअर फुटंल." बाबालालच्या दारात उतरले तेव्हा माझे हात आखडले होते. त्याच्या बायकोनं काही न विचारता चहा ठेवला.

बाबालाल बाजेवर बसला होता. उठला नाही. साहेबांनी सगळं सांगितलं, कोअर दाखवली. त्यानं ती हातात घेतली, अंगठ्यानं चोळली आणि बाजूला ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, "दोन वरसं तुमी सांगतायसा, कुणी केलं इचारणार न्हाई. मग माजंच नाव कसं निगालं? आन् तुमी तितं हुबं व्हतासा."

मी चहा घेत होते. साहेब म्हणाले, "होय. उभा होतो. बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. माझं चुकलं."

मॅनेजर माणूस मोल्डरच्या दारात असं म्हणतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यानंतरही दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. त्यात त्यांनी मालकांचं नाव घातलं नाही, ट्रकचं घातलं नाही, माझंही घातलं नाही.

बाबालाल म्हणाला, "मी तसा येनार न्हाई. मालकांसमोर दोन साचे भरतो. एकात ताजी कोअर, एकात जुनी. रस एकाच बादलीतला. मग काय ते त्येंनी बगावं."

शुक्रवारी भट्टी लागली तेव्हा मालक, कारकून, गेटावरचा वॉचमन, सगळे गोळा झाले होते. बाबालालनं साचे भरले. मी माझ्या हातानं ताजी कोअर भाजून दिली, आणि जुनी वरच्या फळीवरून काढून दिली. रस ताज्या कोअरीच्या साच्यात गेला तो गाईच्या धारेसारखा शांत गेला. जुनीच्या साच्यात पडला तेव्हा फोडणीत ओली मिरची पडावी तसा तडतडला आणि तोंडातून उसळून आला. मालक दोन पावलं मागं सरले. थंड झाल्यावर दोन्ही बॉड्या फोडल्या. रस उसळला तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं, पण बाबालालनं एकेक तुकडा मालकांच्या हातात दिला.

मालक म्हणाले, "ठीक आहे, ये कामावर." माफी मागणं त्यांच्या घराण्यात नसावं.

बाबालाल माझ्याकडे वळला. "मावशी, जलमभर काकवी गोड म्हणून खाल्ली. तुमची लय कडू पडली बगा."

सगळे हसले, मीही हसले. त्यानं ते पाची जणींना मिळून म्हटलं होतं.

त्यानंतर कोअरशॉप बदललं. साहेबांनी वरच्या फळ्या काढून टाकल्या. ओव्हनजवळ खणांची लहान मांडणी केली. मोल्डरला अर्ध्या दिवसाला लागतील तेवढेच खण. त्यानं एक कोअर उचलली, खण रिकामा दिसला, की आम्ही एक करायची. रिकामा नसेल तर हात बांधून बसायचं. मला ते आठ दिवस पटलं नाही. मी म्हटलं, "साहेब, भरल्या घरात लक्ष्मी ऱ्हाती. ह्ये काय, हातावरचं पोट!"

ते म्हणाले, "मावशी, तुम्ही भाकरी कधी करता?"

"माणूस जेवाया बसल्यावर."

"आठवड्याच्या करून ठेवत नाही?"

मी रिकामा खण शोधायला लागले. सगळ्यालाच उत्तर द्यायचं नसतं.

रजेची नोटीस परत लागली नाही. पंचमीला कोअरशॉप बंद राहतं आणि त्या दिवशी बॉडीचं ओतकाम होत नाही, असं साहेबांनी मालकांकडून मान्य करून घेतलं. त्यासाठी त्यांनी काय काय ऐकून घेतलं ते कारकुनाला ठाऊक. ओव्हनही अखेर हलला.

साहेबांत दोष नाही असं लिहिलं तर वाचणारे हसतील. ते मोजता मोजता बोलतात आणि दुसऱ्याचं मोजणं चुकवतात. जेवायला बोलावलं की डब्याचं झाकण उघडून विसरतात. माशा जेवून जातात. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही रहिमतपूरला गेलो होतो, तेव्हा वहिनीसाहेबांनी सांगितलं, "एकदा ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरात सुतळी धरली. मी लाटणं दाखवलं. तेव्हापासून कारखाना बरा आणि ते बरे." पण मी आजारी असताना माझी सून त्यांच्याकडे डॉक्टरचं नाव विचारायला गेली, तेव्हा साहेब स्वतः सावळीला आमच्या घरी आले, खाटेशेजारी उंबऱ्यावर बसले, आणि पहिलं काय विचारलं? "मावशी, दुखायला लागलं ते कधीपासनं? आणि आधी काय केलं होतं?" मी हसून अर्धी बरी झाले.

आता साहेब आठवड्यातून दोन दिवस साताऱ्याला एका कारखान्यात शिकवायला जातात. तिथल्या बायकांना मी निरोप पाठवला आहे की माणूस भला आहे, सुतळी आणली तर घाबरू नका.

आता शेवटचं. गौरव अंकात असलं लिहितात की नाही मला माहीत नाही. अंकाच्या समितीनं कापलं तर मी समारंभात उभी राहून बोलेन, त्याला जास्त वेळ लागेल.

बाबालाल, दोष कोअरीचा होता हे सगळ्यांना त्या शुक्रवारी कळलं. मला ते सोमवारी दुपारीच कळलं होतं. मालकांनी तुला घरी बसवलं तेव्हा मी चार हातांवर उभी होते आणि मला ठाऊक होतं. तुझ्या घरी चहा प्यायले तेव्हाही सांगितलं नाही. साहेबांना हे त्या गुरुवारी सकाळीच उमगलं असणार, ते काय दूधखुळे नाहीत. त्यांनी मला चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि तुला तर नाहीच नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी खोटं बोलून सुटले असते, आणि मग हे लिहायला उरलं नसतं. ज्या माणसानं विचारलं नाही त्याच्यासमोर खोटं बोलायला जागाच राहत नाही, आणि तेच मला फार जड गेलं. माझं चुकलं. साहेबांनी हे दोन शब्द तुझ्या दारात उभ्या उभ्या म्हटले. मी शेजारी बसून ऐकले आणि तरी मला चार वर्षं लागली. अंक हातात पडल्यावर तुला काय बोलायचं असेल ते येऊन बोल. सगळ्यांसमोर बोललास तरी चालेल. मी तुला सगळ्यांसमोरच बोलले होते.

थोरवे साहेबांपेक्षा मी चार-पाच वर्षांनी मोठी आहे, म्हणून नमस्कार न करता आशीर्वाद देते. साहेबांचे गुडघे आणि डोळे धड राहोत, कारण ते खुर्चीवर बसायचे नाहीत. वहिनीसाहेबांच्या हातचं गरम गरम, वेळेवर, त्यांच्या पोटात पडो. आणि अजून पुष्कळ कारखान्यांतल्या पुष्कळ बायकांना आणि बाप्यांना, आपली चूक आपल्या तोंडानं सांगायला माझ्याइतका उशीर लागू नये, एवढं काम पुरं व्हायला जितकं आयुष्य लागेल तितकं त्यांना निरोगी मिळो.